वाया जाऊ नये म्हणून

मराठी माणसाचं वजन कधीच त्याच्या एकट्याचं नसतं. वर्षातून दोनदा भेटणारी आत्या उंबऱ्यात चप्पल काढता काढताच 'सुटलास की रे!' म्हणते, आणि त्या तीन शब्दांत काळजी, कौतुक, टोमणा आणि घरच्या स्वयंपाकाला दिलेली दाद असं सगळं मावतं. यावर बोलायचं नसतं, नुसतं हसायचं असतं. हे झालं वाढलेल्या वजनाचं. उतरलेल्याचं प्रकरण गंभीर. चारचौघांत कुणी काही बोलत नाही. जरा वेळानं एकेक जण गॅलरीत बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतो, 'सगळं ठीक आहे ना? शुगर बघितलीस का?' आमच्या एका मेव्हण्यांनी रोज पहाटे टेकडी चढून, गोड सोडून आठ-नऊ किलो उतरवले. पुढच्या लग्नात त्यांच्या अंगावर लोंबणारा सफारी पाहून 'जावईबापूंची नोकरी गेली वाटतं' इथपर्यंत सासरच्या मंडळींची मजल गेली.

म्हणून आपल्याकडे बारीक होणं जाहीर करावं लागतं. 'आजारी नाही हो, डाएटवर आहे.' आणि जाहीर करायचं म्हटलं की त्याला नाव हवं. 'जरा कमी खातोय' हे कारण चालत नाही. घरात काहीतरी बिनसलंय असा त्याचा अर्थ लावला जातो. तेच कीटो म्हणा, इंटरमिटंट म्हणा, समोरचा लगेच मान डोलावतो आणि आपल्या साडूनं तेच केल्याचं सांगतो. बिननावाच्या डाएटला समाजात स्थान नाही. पण वजन उतरतं आणि उतरलेलं राहतं, ते बहुधा याच बिननावाच्या प्रकारानं, असं माझं मत होत चाललं आहे. त्याची बातमी होत नाही, एवढाच त्याचा दोष.

नावाची ही हौस फक्त आपलीच असं मात्र नाही. विल्यम बँटिंग नावाचे एक लंडनवासी होते. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा, गिऱ्हाइकांत थेट राजघराणं. स्वतः इतके जाड की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना पाठमोरं होऊन उतरावा लागे. कमी ऐकू येतं म्हणून ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं कान सोडून पोटाकडे बोट दाखवलं. पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद करून बँटिंग वर्षभरात वीसेक किलो उतरले, आणि मग उतरलेल्या प्रत्येक माणसाला होतं तेच त्यांना झालं. गप्प बसवेना. १८६३ साली त्यांनी पदरमोड करून एक पुस्तिका छापली आणि सुरुवातीला फुकट वाटली. आपल्या ओळखीतली उतरलेली मंडळी निदान छपाईचा खर्च तरी करत नाहीत. पहाटे साडेपाचला कुटुंबाच्या ग्रुपवर वजनकाट्याचा फोटो टाकून काम भागवतात. त्या फोटोत पायांची बोटं कायम दिसतात. पूर्वी दिसत नव्हती, हे त्यातून सुचवायचं असतं.

महाराष्ट्रात या नावांचा खरा हंगाम आला तो २०१८-१९च्या सुमाराला. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही खाऊ नका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पनेचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकारांना देत. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडं थोडं खा, दर दोनेक तासांनी खा, वरणभातावर तूप घ्या, आजी खायची ते खा. दोघांनीही आपापलं म्हणणं स्वच्छ मांडलं होतं. घोळ झाला तो घराघरांत. सासूबाई दीक्षित आणि सूनबाई दिवेकर, अशा स्वयंपाकघरात दर दोन तासांनी तात्त्विक मतभेद होऊ लागले. वर सांगितलेल्या मेव्हण्यांच्या धाकट्या भावानं दीक्षितांकडून फक्त ५५ हा आकडा उचलला. पानावर बसताना मोबाइलवर गजर लावायचा. चाळिसाव्या मिनिटाला हात धुवायचे, आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला परत येऊन म्हणायचं, 'अजून सात मिनिटं आहेत, ते श्रीखंड तसंच आहे का?' आत्यानं दिवेकरांकडून तूप घेतलं. तुपाबरोबर सांगितलेलं बाकी सगळं तिकडेच ठेवून आली. सगळ्यात धूर्त निघाले ते दोन्ही पंथांत नाव घातलेले लोक. जेवणाच्या वेळी ते दिवेकरांचे असत आणि चालायची वेळ झाली की दीक्षितांचेही नसत.

नाव असलेल्या डाएटचा पहिला आठवडा मात्र खरोखर सोन्याचा असतो. काट्यावर दोन-अडीच किलो कमी! घरात आनंदीआनंद. आता यात घडतं ते असं: आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा ग्लायकोजेन नावाचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा खर्ची पडतो आणि पाणी निघून जातं. चरबी अजून जागची फारशी हललेली नसते. आपण पाण्याचे पेढे वाटत असतो. पुढच्या रविवारी एका लग्नात जिलबी आणि मसालेभात झाला की ते पाणी सोमवारी परत हजर, आणि माणूस कपाळाला हात लावतो: 'एका जेवणात दीड किलो वाढलो!' इतकं वाढायला निदान दीड किलोहून जास्त अन्न लागेल, हा हिशोब त्याला त्या वेळी सुचत नाही.

चरबीचा हिशोब इतका कंटाळवाणा आहे की तो सांगणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारणार नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज पाचशे कॅलरी कमी पडतील असं बेतलं, तर कागदावर किलोभर उतरायला पंधरा दिवस लागतात; प्रत्यक्षात पुढे पुढे आणखी वेळ. 'पंधरा दिवसांत एक किलो' ही बातमी सांगणार कुणाला? कुटुंबाच्या ग्रुपवर तिला एक अंगठासुद्धा मिळणार नाही. रेल्वे स्टेशनावर रंगीत दिव्यांची ती वजनाची यंत्रं होती, त्यांना माणसाची जाण होती. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट यायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आणि भविष्य वाईट आल्याचं मी ऐकलेलं नाही. वजन वाचून खचलेला माणूस तिकीट उलटवायचा आणि पुढची लोकल पकडायला ताठ मानेनं निघायचा. आताचा बाथरूममधला काटा हाडं, स्नायू, पाणी, शरीराचं वय असं सगळं सांगतो, पण धीर देत नाही.

घाई केली तर शरीर काय करतं, हेही नीट तपासून झालेलं आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ अर्ध्या खाण्यावर ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतून आलेल्यांना कसं सावरायचं, हे शिकण्यासाठी. हे तरुण स्वखुशीनं आलेले होते, लष्करात लढायला नकार दिलेले, तत्त्वाचे पक्के. त्यांचं वजन पाव हिश्शानं घटलं. पण त्याबरोबर अंगाची ऊब गेली, उत्साह गेला, हृदयाचे ठोके मंदावले. दुष्काळाची चाहूल लागलेल्या आजीनं कोठीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावावी, तसं शरीरानं खर्च आवरता घेतला. आणि मनात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. तत्त्वनिष्ठ तरुण बसून पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जमवू लागले! हा भाग वाचल्यावर मला आमच्या घरातल्या एकादशीच्या दुपारी आठवतात. सगळे उपाशी आणि टीव्हीवर चॅनल एकच, मलई कोफ्त्याचं.

एकादशीचा विषय निघालाच आहे तर तो लौकर संपवू, कारण 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यावरचं संशोधन आधीच प्रसिद्ध केलेलं आहे. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मध्ये पुढच्या बाजूला उपास आणि पानाच्या मागे पाककृती असतात, यात सगळं आलं. फक्त एक गंमत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि वर राजगिऱ्याचा लाडू, हे सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं. म्हणजे पोर्तुगीज वगैरे मंडळी जहाजं घेऊन येण्याआधी आपल्याकडे उपासाला खरोखरच उपास घडत असणार. वजनाचा प्रश्न नेमका केव्हा सुरू झाला, हे इतिहासकारांनी इथून शोधायला हरकत नाही.

आता सडपातळ वाचक या सगळ्याकडे लांबून, जरा हसून बघत असतील, तर त्यांच्यासाठी पुण्याहून एक निरोप आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन यूडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. दिसायलाही दोघे बारीकच. पण तपासणीत यूडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. शास्त्रासाठी एका पुणेकरानं आपलं पोट जगापुढे ठेवलं, आणि त्यातून कळलं की आपली गोष्ट निराळी आहे. पुण्याच्या आसपासची नवजात बाळंसुद्धा इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ हलकी, पण चरबी मात्र त्यांनी फारशी कमी होऊ दिलेली नसते, असं त्याच मंडळींच्या अभ्यासात दिसलं होतं. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा हा आपला घराणेदार बांधा आहे. म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेघही अलीकडे ओढलेली आहे: बीएमआय २३च्या पुढे गेला की सावध, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर. ही कंबर साधारण बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजायची असते. आमच्याकडे ती नाडीच्या पातळीवर, श्वास रोखून मोजतात. नाडी तर दर वर्षी पोटाखाली चार बोटं उतरत असते, त्यामुळे माप काही हलत नाही.

याचा अर्थ एवढाच की नुसतं उपाशी राहून भागत नाही. आधीच काड्या असलेल्या हातापायांतला स्नायू झिजतो आणि नगारा तसाच राहतो. दंडबैठका, जिना, निदान चार वजनं उचलणं, आणि ताटात डाळ, उसळ, दही, अंडं किंवा मासा यांना भाताइतका मान देणं, हे करावं लागतं. आमच्या ताटात मटकीची उसळ असते, पण तिची जागा मिठाशेजारी आणि आकार लोणच्याएवढा.

चरकाला हे माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पूर्वजांना सगळंच माहीत होतं म्हणणाऱ्यांची गर्दी आधीच बरीच आहे. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचा विचार आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. कामाची काळजी न करणारा, खूप खाणारा आणि झोपणारा माणूस रानडुकरासारखा फुगतो, असं तिथे तोंडावर सांगितलेलं आहे. उपाय म्हणून जव, मूग, कुळीथ वगैरे धान्यं येतात, आणि मग येतं ते महत्त्वाचं: जागरण, व्यायाम आणि चिंतन हळूहळू, क्रमाक्रमानं वाढवत न्यावं. जागरणाचा सल्ला आजचे डॉक्टर देणार नाहीत, कारण अपुऱ्या झोपेनं भूक उलट चाळवते. चिंतन आमचा मध्यमवर्ग गृहकर्जाच्या हप्त्यांच्या निमित्तानं वीस वीस वर्षं करतो आणि तरी फुगतो. पण ते 'हळूहळू' खरं आहे.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंद ठेवली जाते. निदान साडेतेरा किलो उतरवून ते किमान वर्षभर खाली राखलेल्या लोकांची. त्यात हजारो माणसं आहेत. कुणी स्वतःच्या पद्धतीनं उतरलं, कुणी कुणाच्या मदतीनं. उतरल्यानंतर ते करतात काय? बहुतेक जण रोज तासभर चालतात किंवा तत्सम काही करतात. सकाळी न्याहारी करतात. काट्यावर नियमानं उभे राहतात. टीव्ही कमी बघतात. सोमवारी खातात तसंच रविवारी खातात. संपलं. यावर पुस्तक काय लिहिणार आणि शिबिर काय भरवणार? सोमवारसारखा रविवार, ही कल्पना मराठी माणसापुढे मांडून पाहा. तो वजन ठेवून घेईल.

तरी असं जगणाऱ्या एक काकू आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. तीन-चार वर्षांत त्या चांगल्या उतरल्या, आणि इतक्या हळू की आजाराची चौकशी करायची संधीच कुणाला मिळाली नाही. त्यांनी काही सोडलं नाही. सुरुवात केली ती एका निरीक्षणानं: आपण जेवतो त्यात काही वावगं नाही, गोंधळ होतो तो जेवण झाल्यावर. नातवानं टाकलेली अर्धी पोळी. कढईच्या बुडाला लागलेली, खरपूस, सगळं तेल जिथे गोळा झालेलं असतं ती भाजी. पातेल्यातला तो भात, जो फ्रीजमध्ये ठेवायला थोडा आणि टाकायला फार असतो. डबा घासायचाय म्हणून तळाचा चिवडा. दुधाचं पातेलं खरवडायचंय म्हणून खरवड. सणावारी यांत साखरभाताचीही भर. मराठी घरातली बाई याला खाणं म्हणतच नाही. जेवलात का विचारलं तर 'माझं काय, उरलंसुरलं संपवलं' असं सांगते, आणि डॉक्टरला खाण्याची वही दाखवायची वेळ आली तर त्यात दोन पोळ्या आणि वाटीभर वरण एवढंच असतं. ती खोटं बोलत नसते. बाकीचं तिनं खाल्लेलं नसतंच, वाया जाऊ दिलेलं नसतं.

काकूंनी अंदाज बांधला, हे सगळं मिळून रोजच्या दोनशे कॅलरी सहज होत असतील. कागदावर वर्षाला नऊ-साडेनऊ किलो. शरीर कागदाप्रमाणे चालत नाही हे खरं, पण आकडा पाहून त्या हबकल्या. अन्न टाकायचं तर नाहीच, मग त्यांनी कणीक कमी भिजवायला सुरुवात केली. फ्रीजमध्ये अगदी लहान लहान डब्या आल्या. उरलेल्या भाताचं, वरणाचं दुसऱ्या दिवशी थालीपीठ होऊन ते सगळ्यांच्या पानांत वाटलं जाऊ लागलं, म्हणजे एका पोटावरचा भार पाच पोटांवर विभागला गेला. तेलाची बुधली कढईवर उपडी करण्याऐवजी पळीनं मोजून तेल घालायला लागल्या. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी. भात बंद केला नाही. भाताची वेळ येईपर्यंत भूक जरा शहाणी झालेली असायची, इतकंच.

सगळ्यात अवघड गड आग्रहाचा. आपल्याकडे पंगतीत पहिल्या 'नको'ला लाजणं समजतात, दुसऱ्याला शिष्टाचार, आणि तिसऱ्या 'नको'पर्यंत जिलबी पानात पडलेली असते. पान आडवा हात ठेवून झाकावं तर वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतो. आणि यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तर आपल्याला दोन जास्त खाव्या लागतात. काकूंनी यातला नियम ओळखला. रिकामं ताट दिसलं की वाढपी वळतो. म्हणून त्या फार सावकाश जेवतात. एक जिलबी पानावर शेवटपर्यंत असते, तिचं एकेक वेटोळं सुटत असतं, आणि काकू शेजारणीला सांगत असतात, 'काय सुरेख झालीय हो, घेतलीय ना मी, ही काय.' आग्रह करणारा समाधानानं पुढे जातो. एवढी मुत्सद्देगिरी मी तरी दुसऱ्या कुठल्या डाएटमध्ये पाहिलेली नाही.

गेल्या संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं 'वजन आणि आपण' असा कार्यक्रम ठेवला. अध्यक्षीणबाईंनी काकूंना आग्रहानं बोलायला लावलं. काकू उभ्या राहिल्या, कणीक, पळी, डब्या आणि जिलबीची हकीकत सांगितली, आणि पाच मिनिटांत खाली बसल्या. टाळ्या झाल्या, पण ओलावा नव्हता. त्यानंतर बाहेरून बोलावलेले एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे नाव होतं, पडद्यावर आधीचे-नंतरचे फोटो होते, तीस दिवसांची हमी होती आणि पाण्यातून घ्यायची एक पावडर होती, आंबा आणि चॉकलेट अशा दोन स्वादांत. ते दीड तास बोलले. वह्या निघाल्या, पेनं निघाली, नावनोंदणीला रांग लागली. मग तिळगूळ, वाण, आणि अल्पोपाहाराच्या खोक्यात सामोसा, वेफर्स आणि गुलाबजाम. काकूंनी खोकं न उघडता पिशवीत टाकलं; घरी पाच जणांत ते वाटलं जाणार हे ठरलेलंच होतं.

जिन्यात अध्यक्षीणबाईंनी त्यांना गाठलं. हातात पावडरीचा डबा होता, आंब्याचा.

'काकू, तुमचं सगळं पटलं हो,' त्या म्हणाल्या, 'पण त्यात करायचं नेमकं काय, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.'